हा ट्रेड व्हेटो करायचा का? सिम्युलेशन लीग आणि सौद्याच्या किमतीचा इतिहास

एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो अशांसाठी ही त्याची लेखी आवृत्ती. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

फेब्रुवारी २०२५. अमेरिकेत शनिवारची मध्यरात्र उलटलेली, आपल्याकडे रविवारची सकाळ. बातमी आली की डॅलस मॅव्हरिक्सनं लुका डोन्चिच लेकर्सला देऊन टाकला. वय अवघं २५, आदल्याच हंगामात टीमला फायनलपर्यंत नेलेलं. बदल्यात काय? एकतिशीतला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी नावाचा एक तरुण गार्ड आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट पिक. फोनवर फँटसी लीग खेळणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यात एकच वाक्य आलं असणार: आमच्या लीगमध्ये हा ट्रेड कुणी होऊ दिला नसता!

म्हणजे नेमकं काय केलं असतं? व्हेटोचं बटण दाबलं असतं. ट्रेड 'अन्यायकारक' आहे म्हणून रद्द. आज बोलायचंय ते यावरच. सौदा वाईट आहे हे ठरवायचं कशावरून आणि ठरवणार कोण? मित्रांच्या लीगा याच भांडणापायी फुटतात. आणि हे भांडण आपण समजतो त्यापेक्षा बरंच जुनं आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू. फँटसी म्हटलं की आपल्याकडे ड्रीम११ आठवतं. पण तिथं तुम्ही एका मॅचपुरती टीम लावता, संपलं. माझा खेळाडू तुझ्याकडे आणि तुझा माझ्याकडे, हा प्रकारच नाही. सिम्युलेशन लीगमध्ये प्रत्येक जण एका टीमचा जनरल मॅनेजर असतो. खेळाडू, पगार, ड्राफ्ट सगळं त्याच्या हातात, मॅच कॉम्प्युटर खेळवतो आणि लीग वर्षानुवर्षं चालते. तिथं ट्रेड हाच खरा खेळ. मॅच हा त्याचा निकाल.

याची मुळं बेसबॉलमध्ये आहेत. १९६० मध्ये विल्यम गॅमसन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं हार्वर्डमध्ये मित्रांबरोबर 'बेसबॉल सेमिनार' सुरू केला. खऱ्या खेळाडूंवर बोली लावायची आणि हंगामाच्या शेवटी त्यांच्या आकड्यांवरून विजेता ठरवायचा. पुढच्याच वर्षी हॅल रिचमननं 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, हातात फासे. आपल्या सिम लीगचा हा आजोबा म्हणायला हरकत नाही, कॉम्प्युटरचं काम तिथं फासे करायचे. मग १९८० मध्ये डॅनियल ओक्रंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये 'रोटिसरी लीग' सुरू केली. ज्या रेस्टॉरंटमध्ये ते जेवायला जमायचे त्याचं नाव 'ला रोटिसरी फ्रांसेझ', त्यावरून हे नाव. २३ खेळाडू, २६० डॉलरचं बजेट. आजच्या फँटसीचा सगळा सांगाडा तिथून आलाय. (ओक्रंटला स्वतःच्या या खेळात कधी विजेतेपद मिळालं नाही, हे ऐकून आपल्याला जरा बरं वाटतं.)

बास्केटबॉलला मात्र थांबावं लागलं, आणि याचं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. आकडेच नव्हते! एनबीएमध्ये स्टील आणि ब्लॉक अधिकृतपणे मोजायला लागले १९७३-७४ च्या हंगामापासून. टर्नओव्हर १९७७-७८ पासून. थ्री-पॉइंटर तर १९७९-८० मध्ये आला. आज तुमच्या ॲपवर ज्या नऊ कॅटेगरी दिसतात त्या पूर्ण व्हायलाच १९८० उजाडावं लागलं. विल्ट चेंबरलेन १९७३ मध्ये खेळला ती शेवटची मॅच. त्यानं आयुष्यात किती ब्लॉक केले याचा अधिकृत आकडा नाही. आता त्याचा ट्रेड कशावर तोलणार, सांगा!

आकडे आले आणि लोक बेरीज करायला लागले. पहिली चूक इथंच होते. समजा तुमच्या स्टारची किंमत २८. समोरचा म्हणतो, मी १५-१५ चे दोन देतो. बेरीज ३०, म्हणजे फायदा तुमचा? थांबा. टीममधल्या जागा मोजलेल्या असतात. तुमच्याकडे दोन आले म्हणजे कुणीतरी एक बाहेर जाणार. समोरच्याकडे एक जागा मोकळी झाली, ती तो फुकटात मिळणाऱ्या १० च्या खेळाडूनं भरणार. आता हिशेब करा. त्याच्याकडे २८ अधिक १०, म्हणजे ३८. तुमच्याकडे ३०. मैदानावर एका वेळी पाचच खेळाडू, मॅच ४८ मिनिटांची, म्हणजे वाटायला एकूण २४० मिनिटं. ती वाढत नाहीत. म्हणून बास्केटबॉलमध्ये 'दोनाला एक' या सौद्यात बहुतेक वेळा 'एक' घेणारा जिंकतो. अकरा जणांच्या क्रिकेटमध्ये हा नियम इतका कडक नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, तीच वस्तू दोन घरांत वेगळ्या किमतीची असते. शकील ओनीलची कारकिर्दीतली फ्री थ्रोची सरासरी ५२.७ टक्के. कॅटेगरीवाल्या लीगमध्ये तो आला की तुमची ती कॅटेगरी गेलीच. पण एखाद्यानं ती आधीच सोडून दिली असेल तर? त्याच्यासाठी शॅकचा हा दोष शून्य किमतीचा. अशा दोघांमध्ये सौदा झाला तर बाहेरच्याला तो वेडेपणा वाटेल, आणि प्रत्यक्षात दोघंही शहाणे असतील.

तिसरी गोष्ट सांगायला मला रुडी गे लागतो. फँटसीत हा माणूस हवाहवासा. पॉइंट भरपूर, स्टील आहेत, ब्लॉक आहेत. खऱ्या कोर्टवर? जॉन हॉलिंजर नावाच्या लेखकानं 'पीईआर' हे माप तयार केलं होतं, सगळ्या आकड्यांचा अर्क एका संख्येत, लीगची सरासरी १५ धरून. डिसेंबर २०१२ मध्ये मेम्फिसनं थेट त्यालाच ऑफिसात नोकरी दिली. पुढच्याच महिन्यात मेम्फिसनं टीमचा सर्वाधिक पॉइंट करणारा गे टोरोंटोला देऊन टाकला. पगाराचं ओझं हेही मोठं कारण होतं. ओरड झाली. आणि मेम्फिस त्या वर्षी वेस्टच्या फायनलपर्यंत पोहोचलं!

पुढचा भाग आणखी भारी आहे. टोरोंटोत २०१३-१४ च्या सुरुवातीला गे मॅचला १९ च्या वर पॉइंट काढत होता, पण शॉट आत जाण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांच्याही खाली. टीम ६ विजय, १२ पराभव. डिसेंबरमध्ये त्यांनी त्याला सॅक्रामेंटोला पाठवलं आणि बदल्यात घेतले चार 'बेंचवाले'. आपल्या वरच्या हिशेबानुसार टोरोंटोनं मार खायला हवा होता. त्यांनी उरलेल्या ६४ पैकी ४२ मॅच जिंकल्या. का? कारण गे मुळात २८ चा नव्हताच, तो २८ चा दिसत होता. त्याचे वाया जाणारे शॉट आता कायल लाउरी आणि डीमार डीरोझनच्या हातात आले. चांगलं सिम्युलेशन इंजिन हे पकडतं, साधी फँटसी पकडत नाही. म्हणून फँटसीच्या रँकिंगवरून सिम लीगमध्ये ट्रेड करणाऱ्याला मी आनंदानं गिऱ्हाईक म्हणतो.

आता वेळ. सगळ्यात महागात पडते ती हीच गोष्ट.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टेड स्टेपियन या मालकाच्या काळात क्लीव्हलँडनं भविष्यातले पहिल्या फेरीचे पिक एकामागून एक विकले. शेवटी लीगला नियम करावा लागला की सलग दोन वर्षं टीमकडे पहिल्या फेरीचा पिक नाही, अशी वेळ आणणारा ट्रेड चालणार नाही. तो नियम आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो. असलं अमरत्व कुणाला नको.

पण नियमातून वाट निघते. २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सला तातडीनं जिंकायचं होतं. त्यांनी बॉस्टनकडून ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स आणला. दिलं काय? २०१४, २०१६ आणि २०१८ चे पिक, शिवाय २०१७ मध्ये पिकची अदलाबदल करण्याचा हक्क. एक वर्षाआड पिक आणि मध्ये 'स्वॅप'. स्टेपियन नियम अक्षरशः पाळला, अर्थ बासनात. नेट्सनं या जोडीबरोबर प्लेऑफमधली एकच फेरी जिंकली, तीही आपल्या त्या टोरोंटोविरुद्ध. २०१६ च्या पिकमधून बॉस्टनला जेलन ब्राउन मिळाला. २०१७ ला नेट्स इतके खाली गेले की स्वॅपमधून थेट पहिला नंबर बॉस्टनकडे.

इथं एक मुंबईकर येतो. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, २०१३ पासून टीम त्यांच्या गटाकडे. २०१५ च्या जुलैमध्ये किंग्जना नवे खेळाडू घ्यायला सॅलरी कॅपमध्ये जागा हवी होती. फिलाडेल्फियाचा सॅम हिंकी म्हणाला, तुमचे नको असलेले पगार मी उचलतो. त्याबद्दल त्यानं घेतला निक स्टाउस्कस हा तरुण खेळाडू, भविष्यातला एक पहिल्या फेरीचा पिक आणि अदलाबदलीचे हक्क. त्या दिवशी स्वॅपची किंमत कुणी फारशी धरली नाही. २०१७ मध्ये किंग्जचा पिक लॉटरीत तिसरा निघाला, फिलाडेल्फियाचा पाचवा. अदलाबदल झाली. मग फिलाडेल्फियानं तो तिसरा पिक आणि वर भविष्यातला एक पिक देऊन बॉस्टनकडून पहिला घेतला, मार्केल फुल्ट्झसाठी. बॉस्टननं तिसऱ्यावर उचलला जेसन टेटम. २०२४ चं विजेतेपद बॉस्टननं जिंकलं ते टेटम आणि ब्राउनच्या जिवावर. दोन वेगळ्या टीमच्या घाईतून दुसऱ्याच्या घरात कप गेला.

मग असे सौदे थांबवायला नकोत का? व्हेटो इथं येतो.

याचा मोठा दाखलाही बेसबॉलचाच. जून १९७६ मध्ये ओकलंडचा मालक चार्ली फिनलीनं तीन स्टार रोख पैशांना विकले. विडा ब्लू १५ लाख डॉलरला, जो रुडी आणि रॉली फिंगर्स प्रत्येकी १० लाखांना. कमिशनर बोवी क्यून यांनी 'बेसबॉलच्या हिताचं नाही' म्हणून तिन्ही सौदे रद्द केले. फिनली कोर्टात गेला आणि हरला. घरगुती लीगमध्ये याचंच भावंड म्हणजे 'डंप ट्रेड'. शेवटच्या महिन्यात हरलेला गडी आपले स्टार एखाद्याला देऊन पुढच्या वर्षाची स्वस्त पोरं घेतो. त्याच्यापुरतं बरोबर, पण तिसऱ्याचं विजेतेपद जातं.

आणि मग ८ डिसेंबर २०११. लॉकआउट नुकताच मिटलेला. न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्सला खासगी मालक नव्हता, वर्षभरापासून टीम खुद्द एनबीएच्या ताब्यात होती. तिघांचा सौदा ठरला. क्रिस पॉल लेकर्सला, पाऊ गासोल ह्यूस्टनला, आणि न्यू ऑर्लिन्सला लामार ओडोम, लुईस स्कोला, केव्हिन मार्टिन, गोरान ड्रागिच आणि एक पिक. काही तासांतच कमिशनर डेव्हिड स्टर्न यांच्याकडून नकार. कारण? 'बास्केटबॉलची कारणं'. दरम्यान क्लीव्हलँडचे मालक डॅन गिल्बर्ट यांचं स्टर्नना गेलेलं संतापलेलं पत्र बाहेर आलं. लेकर्सचंच भलं होतंय म्हणून. स्टर्न पुढंही सांगत राहिले की मी कमिशनर म्हणून नाही, मालकाच्या जागी बसून नाही म्हटलं.

सहा दिवसांनी पॉल गेला क्लिपर्सला. बदल्यात एरिक गॉर्डन (वय २२, आदल्या हंगामात मॅचला २२ पॉइंट), क्रिस केमन, अल-फारूक अमिनू आणि मिनेसोटाचा पिक. माझ्या मते त्या दिवसाच्या माहितीवर हा सौदा उजवा होता. ज्या टीमला लगेच जिंकायचंच नाही, तिनं ३१-३२ वर्षांचे खेळाडू गोळा करून काय करायचं? तरीही पहिला सौदा ज्या तऱ्हेनं मोडला ते मला पटत नाही. एकच माणूस टीमचा मालक आणि लीगचा पंच असेल, तर त्याचा योग्य निर्णयसुद्धा बाकीच्यांना संशयास्पदच दिसणार. तुमच्या लीगचा कमिशनर स्वतः टीम चालवत असेल तर व्हेटो त्याच्या एकट्याच्या हातात ठेवू नका. आणि संगनमत दिसत नसेल तर बटणाला हात लावू नका. समोरच्याला मूर्ख ठरण्याचा हक्क आहे.

निकालावरून तोलायला गेलात तर डोकं चक्रावतं. गॉर्डन दुखापतीमुळं त्या हंगामात फक्त ९ मॅच खेळला. नाकारलेल्या सौद्यातला ओडोम डॅलसला जाऊन पार कोसळला. त्यातलाच ड्रागिच पुढं ऑल-एनबीए झाला. न्यू ऑर्लिन्स ६६ पैकी २१ मॅच जिंकून तळाला गेलं, त्यामुळं लॉटरीत आलं, आणि पहिला नंबर लागला. त्या नंबरवर त्यांनी निवडला अँथनी डेव्हिस.

हो, तोच. २०१९ मध्ये तो लेकर्सला ट्रेड झाला, २०२० मध्ये त्यांच्याकडून विजेतेपद जिंकला, आणि २०२५ च्या त्या रात्री डोन्चिचच्या बदल्यात डॅलसला गेला. या वेळी कमिशनर ॲडम सिल्व्हर मध्ये पडले नाहीत. डॅलसचा हंगाम कोसळला, मेमधल्या लॉटरीत पहिल्या नंबरची त्यांची शक्यता होती १.८ टक्के, आणि तो नंबर त्यांनाच लागला. त्यावर त्यांनी कूपर फ्लॅग घेतला. नोव्हेंबरमध्ये, फ्लॅगच्या पहिल्या हंगामाचे जेमतेम तीन आठवडे झाले असताना, डॅलसनं ट्रेड करणारा जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढून टाकलं.