अन्नपूर्णा महिला मंडळ, मुंबई

अन्नपूर्णा महिला मंडळ ही मुंबईच्या गिरणगावात घरगुती खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांमधून उभी राहिलेली संस्था आहे. गोवा मुक्तिसंग्रामातील आणि पुढे कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये तिची स्थापना केली. अल्पव्याजी कर्ज, परस्पर जामीन आणि व्यवसाय प्रशिक्षण ही तिच्या कार्याची प्रमुख अंगे होत.

पार्श्वभूमी

घोडपदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यातील गिरण्यांत कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले असंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून काम करीत. चाळीतील एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या कामगारांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण मिळे, ते शेजारच्या खानावळवालीकडे.

ही स्त्री बहुधा गिरणी कामगाराची पत्नी, विधवा किंवा परित्यक्ता असे. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतील यंत्रबदल, रात्रपाळीवरील बंदी, तसेच १९२९ च्या प्रसूती लाभ कायद्यानंतर स्त्रियांना कामावर घेण्याची मालकांची टाळाटाळ यांमुळे हे प्रमाण घटत गेले. गिरणीबाहेर पडलेल्या स्त्रीने गिरणीतल्या पुरुषाला जेवू घालावे, अशी ही व्यवस्था होती.

धंदा सगळा उधारीचा होता. खानावळीचे ‘मेंबर’ पगार झाल्यावर पैसे देत. धान्य, तेल, रॉकेल मात्र रोज लागे. वाणी उधारीचा माल चढ्या भावाने देई आणि सावकाराकडे दागिने गहाण पडत. दिवसभर राबूनही या स्त्रीची गणना कामगारांत होत नसे. तिचा उद्योग घरकामातच मोडे.

कर्ज व संघटन

१९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ मध्ये दुर्बल घटकांसाठी ४ टक्के व्याजाची विभेदक व्याजदर योजना आली. तारण ठेवण्याजोगे काही नसलेल्या स्त्रीला तिचा लाभ कसा मिळावा, हा खरा प्रश्न होता. १४ खानावळवाल्यांनी एकमेकींची हमी घेतली, तेव्हा बँक ऑफ बडोदाने प्रत्येकीला १,५०० रुपये कर्ज दिले. रक्कम लहान दिसते. पण वाण्याला रोख पैसे देऊन महिन्याचा शिधा भरण्यासाठी तेवढेच भांडवल हवे होते. बांगलादेशातील जोब्रा गावी मुहम्मद युनूस यांनी केलेला प्रसिद्ध प्रयोग १९७६ चा आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

गिरगावात १९५९ मध्ये सुरू झालेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगाहून ही रचना वेगळी होती. तेथे उत्पादन आणि विक्री एकाच नावाने होई. येथे प्रत्येकीची चूल आणि तिचे गिऱ्हाईक स्वतंत्र राहिले, एकत्र आली ती पत.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि खानावळींचे मेंबर गावाकडे परतले. ज्यांच्याकडे उधारी थकली होती, तेच निघून गेले. संपाच्या इतिहासात या नुकसानीची नोंद क्वचितच आढळते. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबण्याचे दिवस सरल्याने कार्यालयांना डबे पुरवणे, समारंभांचे जेवण करणे आणि खाद्यपदार्थ तयार करून विकणे यांकडे संस्था वळली. नवी मुंबईत वाशी येथे तिने केंद्र उभारले आणि स्त्रियांना तेथे या कामांचे प्रशिक्षण मिळू लागले.

प्रेमा पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. त्यांची कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९० च्या दशकात पुण्यातील वस्त्यांमध्ये याच धर्तीवर अन्नपूर्णा परिवाराचे काम सुरू केले.