मस्कत द्राक्षांच्या सुगंधाची आनुवंशिकी

मस्कत सुगंध म्हणजे व्हायटिस व्हिनिफेरा या जातीच्या काही द्राक्षवाणांत आढळणारा, फुलांची आठवण करून देणारा गंध होय. वाइनसाठी लावल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांच्या ताज्या रसाला फारसा वास नसतो. मस्कत गटातील द्राक्षांचा सुगंध मात्र फळ चाखतानाच जाणवतो. हा भेद प्रामुख्याने एका जनुकातील सूक्ष्म बदलामुळे घडतो.

सुगंधी संयुगे

हा गंध मुख्यतः लिनालूल, जेरॅनिऑल आणि नेरॉल या मोनोटर्पीन वर्गातील संयुगांमुळे येतो. लिनालूल हा धण्यांच्या तेलाचा, तर जेरॅनिऑल हा रोशा गवताच्या तेलाचा प्रमुख घटक आहे. द्राक्षात या संयुगांचा मोठा भाग शर्करेच्या रेणूंशी बद्ध असतो व त्या अवस्थेत तो गंधहीन असतो. वाइन तयार होताना आणि मुरताना यांतील काही बंध तुटून गंध मोकळा होतो.

जनुकीय आधार

मोनोटर्पिनांची घडण पेशींतील लवकांमध्ये होते. तिची पहिली पायरी डीएक्सएस या विकरामुळे पार पडते. द्राक्षाच्या १९ गुणसूत्र-जोड्यांपैकी ५व्या जोडीवर या विकराचे एक जनुक आहे. मस्कत वाणांत त्यातील एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे विकरातील २८४व्या स्थानी लायसिनऐवजी अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल येते. विकराची कार्यक्षमता वाढते आणि मोनोटर्पिने अधिक प्रमाणात तयार होतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतील बदलही त्यासाठी पुरेसा ठरतो.

गेवुर्झट्रामिनर आणि शार्डोने म्युस्के या वाणांतही याच जनुकात, परंतु वेगवेगळ्या ठिकाणी बदल झालेले आहेत. हे वाण अनुक्रमे साव्हान्यँ व शार्डोने या कमी सुगंधी वाणांपासून उत्परिवर्तनाने उद्भवले. द्राक्षाची लागवड छाटकलमांनी होत असल्याने एखाद्या डोळ्यात झालेला असा बदल पुढील वेलींत टिकून राहतो. वेगळ्या वासाची फांदी ओळखून तिची कलमे राखणाऱ्या बागायतदारांनी जनुकाची माहिती नसतानाही त्याची निवड केली होती.

उपयोग

बियांपासून वाढविलेल्या वेलीला फळ धरण्यास काही वर्षे लागतात. या बदलाची चाचणी कोवळ्या पानावरही करता येत असल्याने संकरित रोपांची निवड लवकर होऊ शकते. तथापि सुगंधाची अंतिम तीव्रता इतर जनुके, ऊन, तापमान आणि फळाची पक्वता यांवरही अवलंबून असते.