मल्टिगन नेमबाजी : स्टेजची आखणी आणि सराव

रायफल, पिस्तूल आणि शॉटगन ही शस्त्रे एकाच स्पर्धेत, अनेकदा एकाच फेरीत, वापरण्याचा नेमबाजीचा प्रकार. १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया (मिसूरी) येथे जेफ कूपर यांच्या पुढाकाराने संघटित रूप मिळालेल्या ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीच्या परंपरेत तो अमेरिकेत रुजला. बहुतेक ठिकाणी लागलेला वेळ आणि चुकांबद्दलचे दंडाचे सेकंद यांची बेरीज करतात. बेरीज सर्वांत कमी तो विजेता.

एका फेरीला ‘स्टेज’ म्हणतात. आखणी सुरू होते ती मातीच्या बांधापासून, कारण प्रत्येक गोळी बांधातच अडली पाहिजे. नळीचे तोंड मागे वळले की स्पर्धक बाद होतो, म्हणून मागे वळून पळावे लागेल अशी वाट आखणे हा आखणाऱ्याचाच दोष. पोलादी लक्ष्ये शस्त्रागणिक ठरलेल्या अंतराहून जवळ लावत नाहीत; तुकडे उलट उडतात. वापरून झालेले शस्त्र सुरक्षित स्थितीत ठेवण्यासाठी पिंप किंवा पेटी लागते, आणि तिची जागा चुकली तर चांगली स्टेजही फसते. उत्तम स्टेज एकच उत्तर लादत नाही. कोणते लक्ष्य कोठून टिपायचे, हे ती नेमबाजावर सोडते.

सरावाचा मोठा भाग घरीच, रिकाम्या शस्त्रावर होतो. सरावाच्या खोलीत खरे काडतूस नसावे. शॉटगनमध्ये एका झटक्यात चार काडतुसे भरण्याचे कौशल्य केवळ आवर्तनाने, नकली काडतुसांवर, हाती बसते.