उल्का मध्यरात्रीनंतर का वाढतात?

हिंगोली : औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया प्रकल्पाला जागा मिळाल्यापासून हिंगोली जिल्ह्याचे नाव खगोलविज्ञानाशी जोडले गेले आहे. उल्का पाहण्यासाठी मात्र वेधशाळा लागत नाही, दुर्बीणही लागत नाही. लागतो तो अंधार आणि योग्य वेळ. ‘तासाला शंभराहून अधिक उल्का’ असे वाचून गावाबाहेर गेलेले हौशी निरीक्षक अनेकदा रात्री दहालाच निराश होऊन परततात. खरा वर्षाव त्यानंतर सुरू होतो.

पृथ्वीची दिशा

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने फिरते. पावसात धावणाऱ्या एसटीच्या पुढच्या काचेवर मागच्या काचेपेक्षा अधिक थेंब आदळतात, तसेच येथे घडते. सायंकाळी आपण पृथ्वीच्या मागच्या बाजूस असतो. मागून येऊन गाठणारे कणच तेवढे दिसतात. मध्यरात्रीनंतर आपला प्रदेश पुढच्या बाजूस येतो. त्यामुळे कोणत्याही वर्षावाशी संबंध नसलेल्या तुरळक उल्काही पहाटे अधिक दिसतात.

उगमबिंदूची उंची

वर्षावातील उल्का आकाशातील एका बिंदूपासून निघाल्यासारख्या भासतात. हा बिंदू क्षितिजालगत असताना कण तिरपे येऊन मोठ्या क्षेत्रावर विखुरतात, त्यामुळे संख्या घटते. 13-14 डिसेंबरच्या मिथुन वर्षावाचा उगमबिंदू हिंगोलीहून रात्री 9 वाजता जेमतेम 20 अंश उंच असतो. दोननंतर तो 77 अंशांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे निरभ्र, काळोख्या आकाशात नऊच्या सुमारास तासाला 40 उल्का दिसत असतील, तर दोननंतर हा आकडा 115 च्या घरात जाऊ शकतो. ऑगस्टमधील ययाती वर्षावाचा बिंदू तर पहाटेच उंचावतो. शिवाय तेव्हा मराठवाड्यावर पावसाळी ढग असतात.

चंद्र आणि दिवे

शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणून पहाट अंधारी मिळते. कृष्ण अष्टमीचा चंद्र त्याच सुमारास उगवून अंधुक उल्का झाकून टाकतो. शहरातील दिव्यांचा परिणाम रात्रभर राहतो.

योगायोगाचा भाग

तासाला 12 उल्का म्हणजे दर पाच मिनिटांनी एक, असे नव्हे. पंधरा मिनिटे काहीच न दिसता पुढच्या दोन मिनिटांत तीन दिसू शकतात. त्यामुळे थोड्या वेळाच्या मोजणीवरून वर्षाव वाढला किंवा ओसरला असा निष्कर्ष काढू नये.

नोंद कशी ठेवावी?

डोळे अंधाराला सरावण्यासाठी किमान 20 मिनिटे द्यावीत. नंतर वेळ, ढगांचे प्रमाण आणि दिसणारा सर्वांत अंधुक तारा यांची नोंद करावी. वर्षावातील आणि तुरळक उल्का वेगळ्या मोजाव्यात. हे तपशील असतील तरच एका गावातील मोजणीची दुसऱ्या गावातील मोजणीशी तुलना करता येते. नुसता आकडा फारसे काही सांगत नाही.