एकच वही : ऑनलाइन सॉफ्टवेअरची कुळकथा

ऑनलाइन सॉफ्टवेअर इंटरनेटच्या पोटी जन्मलं, असं सरसकट मानलं जातं. पण या कुळात इंटरनेट बरंच उशिरा आलं. यंत्र दुसऱ्याचं, जागाही दुसऱ्याची, आपण फक्त काम पाठवायचं, ही रीत संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक बसला, तेव्हा इतर संस्थाही आपली आकडेमोड त्याच्यावर करून घेत, कारण असं यंत्र विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं होतं. मालकीचा काळ मागाहून आला. पीसी स्वस्त झाले, १९८६ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या कंपनीचं टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर घरोघरी पोचलं, आणि पुण्याच्या पेठांतल्या दुकानांपासून भोसरीच्या वर्कशॉपांपर्यंत हिशोब ज्याच्या त्याच्या टेबलावरच्या मशीनमध्ये गेला.

या मालकीने मोठी सोय केली, पण वहीच्या दोन प्रती करून ठेवल्या. वर्कशॉपचा अकाउंटंट मार्चअखेरच्या डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन सीएच्या ऑफिसात द्यायचा. तिथला आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखालचा शिकाऊ, त्यात घसाऱ्याच्या आणि तरतुदींच्या नोंदी टाकायचा. दरम्यान वर्कशॉपमध्ये जुन्या तारखेचं एखादं राहिलेलं बिल सापडायचं आणि ते तिथल्या डेटात चढायचं. मग दोन ताळेबंद जुळेनात, आणि कोणत्या नोंदी कशात उतरवायच्या हे दोघं फोनवर एकेक ओळ वाचून ठरवायचे. माझ्या मते ऑनलाइन सॉफ्टवेअरने छोट्या व्यवसायाला दिलेली खरी गोष्ट म्हणजे या दोन प्रतींची झालेली एक वही. स्वस्ताई त्यापुढे दुय्यम आहे. तसं नसतं तर हा बदल फार आधी झाला असता. अमेरिकेत ऑनलाइन सॉफ्टवेअर विकणारी सेल्सफोर्स १९९९ मध्ये उभी राहिली, चेन्नईच्या झोहोचं ऑनलाइन लेखनाचं सॉफ्टवेअर २००५ मध्ये आलं, पुण्यातच २००८ साली ड्रुवा सुरू झाली आणि कंपन्यांच्या डेटाचे बॅकअप क्लाउडवर सांभाळण्यात तिने नाव कमावलं. तरी छोटा व्यावसायिक जागचा हलला नव्हता. त्याला हलवलं १ जुलै २०१७ च्या जीएसटीने. पुरवठादाराने बिल जीएसटीच्या पोर्टलवर चढवलं नाही तर खरेदीदाराचं कराचं क्रेडिट अडकू लागलं, म्हणजे आपली वही दुसऱ्याच्या वहीशी दर महिन्याला जुळवणं भाग पडलं. मग २०२० ची टाळेबंदी आली आणि पेन ड्राइव्ह नेणारा माणूसच घराबाहेर पडू शकेना. एक जण गावी, एक कोथरूडला, सीए आपल्या घरी, अशा विखुरलेल्या माणसांनी एका हिशोबावर काम करायचं तर वही सामाईक असण्याला पर्याय नव्हता.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की आपला डेटा परक्याच्या हाती जातो. पण स्वतःच्या ताब्यातली यंत्रणाही अभेद्य नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. एका घटनेवरून क्लाउड सुरक्षित ठरत नाही, हे कबूल. पण जी राखण बँकेला जड गेली, ती वर्कशॉपमध्ये आठवड्यातून एकदा येणाऱ्या हार्डवेअरवाल्याच्या भरवशावर होईल, असं मानणं धाडसाचं आहे. परदेशी सर्व्हरची भीतीही पूर्वीइतकी उरलेली नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे डेटा सेंटर सुरू केली. दुसरा आक्षेप भाड्याचा, आणि तो मला खोडता येत नाही. पायरेटेड असो वा विकत घेतलेलं, जुनं सॉफ्टवेअर पैसे थांबले तरी चालत राहायचं. इथे वर्गणी थकली की दार बंद, आणि आत अडकतात आपल्याच सात-आठ वर्षांच्या नोंदी. या बाबतीत कायदा थोडा जागा झाला आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा आहे. पण तो नियम कंपनी कायद्याखाली नोंदलेल्यांना लागू. पुण्यातली असंख्य दुकानं आणि वर्कशॉपं प्रोप्रायटरी किंवा भागीदारीची आहेत. त्यांच्या खातेवह्या दर महिन्याला एक्सेलमध्ये उतरवून आपल्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर ठेवणं, हे काम त्यांच्या अकाउंटंटलाच करावं लागेल.