विमान पडलं, भरपाई कोणी द्यायची?

२७ जून २०१८ रोजी नाशिकजवळच्या ओझरहून चाचणीसाठी झेपावलेलं सुखोई-३० विमान निफाड तालुक्यात वावी-ठुशीच्या शिवारात, द्राक्षबागेत कोसळलं. दोन्ही वैमानिक हवाई छत्रीच्या साहाय्यानं बचावले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) बांधलेलं हे विमान हवाई दलाच्या ताब्यात जायचं होतं. ४ जून २०२४ रोजी याच तालुक्यातल्या शिरसगावला आणखी एक सुखोई शेतात पडलं. तेव्हाही वैमानिक वाचले.

द्राक्षबाग म्हणजे एका हंगामाचं पीक नव्हे. मांडवाचे अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या आणि वर्षानुवर्षं छाटणी करून वाढवलेले वेल, असा सगळा संसार तिथं उभा असतो. तो उद्ध्वस्त झाला तर भरपाई कोणी द्यायची? विमान-विम्याचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो.

लंडनच्या लॉइड्समध्ये १९११ साली विमानाची पहिली पॉलिसी निघाली. पुढच्याच वर्षी, खराब हवामानात विमानं पडल्यावर, विमेकऱ्यांनी हात आखडता घेतला. जहाजांच्या विम्यामागे शतकांचा अनुभव होता. विमानांच्या बाबतीत हिशेब मांडायला आकडेच नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर प्रवासी आणि टपाल वाहतूक वाढली, तसा धंदा सावरला. १९२९ च्या वॉर्सा करारानं प्रवाशाच्या मृत्यूबद्दल विमान कंपनीनं किती द्यायचं, याला मर्यादा घातली. भारतानं तो करार १९३४ च्या कायद्यानं स्वीकारला.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणलं, तेव्हा मुंबईत न्यू इंडिया अॅश्युरन्स उभी होती. सर दोराबजी टाटांनी ती १९१९ मध्ये स्थापन केली होती. १९४६ मध्ये हीच कंपनी देशांतर्गत विमानसेवेच्या विम्यात उतरली. एका मोठ्या विमानाचा बोजा एकट्या कंपनीला पेलत नाही, म्हणून जोखमीचे वाटे पुनर्विम्यानं इतर कंपन्यांकडे जातात. आजही तीच पद्धत आहे.

नाशिक या गोष्टीत आलं ते मिग लढाऊ विमानांमुळे. चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिग-२१ चा सांगाडा ओझरला, इंजिनं कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. १९६४ मध्ये एचएएलचा ओझरचा विभाग सुरू झाला.

लढाऊ विमानांचा विमा सरकार सहसा बाजारातून काढत नाही; नुकसान सरकारी तिजोरीच सोसते. पण कारखान्यातून निघालेलं विमान खरेदीदाराच्या हवाली होईपर्यंत जोखीम कोणाची, हे करारातच ठरवावं लागतं. विमान एक दिवस आधी पडलं की नंतर, यावर कोट्यवधींचा बोजा कोणाच्या माथी हे ठरू शकतं.

खासगी विमानमालकाच्या पॉलिसीचे मुख्य भाग दोन. पहिला खुद्द विमानाचा, ज्याला धंद्यात ‘हल’ म्हणतात. त्याची किंमत बहुधा आधीच ठरवून लिहिलेली असते. विमान पूर्ण गेलं तर तेवढी रक्कम मिळते. दुसरा भाग प्रवासी आणि जमिनीवरच्या त्रयस्थांबद्दलच्या दायित्वाचा. बागायतदाराचा दावा या दुसऱ्या भागात येतो. सर्वांत बारकाईनं वाचायचं ते वैमानिकाचं कलम. त्यात परवाना कोणता हवा आणि उड्डाणाचे तास किती हवेत, हे लिहिलेलं असतं. त्यात न बसणारा माणूस चालकाच्या जागी असला किंवा विमानाच्या उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असली, तर हप्ता वेळेवर भरूनही दावा अडकू शकतो.

२००९ मध्ये भारत माँट्रियल कराराचा भागीदार झाला. आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान कंपनीचा दोष सिद्ध न करताही ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई मागण्याचा हक्क प्रवाशाच्या कुटुंबाला मिळाला, आणि कंपनीकडे पुरेसा विमा असणं करारानंच बंधनकारक झालं.

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी हीच जबाबदारी आणखी खाली आणली. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगळता इतरांना मोटारीसारखा त्रयस्थ विमा सक्तीचा झाला. फवारणीसाठी ड्रोन भाड्यानं घेणाऱ्या शेतकऱ्यानं त्यामुळे दराबरोबर दोन कागद मागावेत: चालू मुदतीची पॉलिसी आणि ड्रोन उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र.