फाटकाबाहेरचा आंबा

आपल्या सोसायटीचा इतिहास लिहा, असं स्मरणिका समितीने सांगितलं तेव्हा मी नोंदणीची तारीख, पहिली कमिटी, बोअरवेल, गच्चीची गळती असं सगळं काढून बसलो. पण ते वार्षिक अहवालांत आहेच. अहवालात नाही ती फाटकाबाहेरच्या आंब्याची हकिगत. तो सोसायटीपेक्षा वयाने मोठा, आणि कायद्याने आपला नव्हेच.

हे मला पाचव्या वर्षी कळलं. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. फाटक अरुंद, पाण्याचा टँकर आत वळताना दर वेळी आरसा घासायचा. उद्या आग लागली तर बंब आत कसा येणार, असा प्रश्न सभेत आला आणि अर्ध्या तासात ठराव झाला: आंबा काढावा. ठरावाला सूचक मीच होतो, हे आज कबूल केलेलं बरं.

अर्ज घेऊन नगरपरिषदेत गेलो. वाटलं होतं, शिक्का मारून मिळेल. टेबलामागच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "झाड कंपाउंडच्या आत की बाहेर?" बाहेर, म्हटलं. "मग ते रस्त्याचं. आणि आत असतं तरी परवानगी लागलीच असती."

तिथून मी वाचायला लागलो. १९७५ साली महाराष्ट्राने नागरी भागातल्या झाडांसाठी संरक्षण आणि जतनाचा कायदा केला. महानगरपालिका असो की आपल्यासारखी नगरपरिषद, तिथे वृक्ष प्राधिकरण हवं, वृक्ष अधिकारी हवा, दर पाच वर्षांनी झाडांची गणना हवी. झाड धोकादायक असेल, मेलं असेल, रहदारीला अडथळा असेल तर तोडायला परवानगी मिळू शकते, पण आधी पाहणी होते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि खुद्द झाडावर नोटीस लागते. 'तोडणे' या शब्दात जाळणं, छाटणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही धरलंय. खिळे ठोकून क्लासचे फलक लावणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

गंमत अशी की शहराची हद्द ओलांडून कार्ल्याकडच्या शेतात गेलात की त्याच आंब्याला दुसरा कायदा लागतो, १९६४ चा. त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन अशी ठरावीक झाडं आहेत. झाड तेच, माती तीच, हद्दीच्या दगडाने टेबल बदलतं.

परवानगीची ही रीत इंग्रजांनी आणली असं मला वाटायचं. तसं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाला हात लावू नये असं बजावलंय. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्याचं कारण. झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावं. आपण मावळातले लोक, आपल्याला हे आधी ठाऊक असायला हवं होतं.

लोणावळ्याचं म्हणाल तर बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, घाटातली रेल्वे १८६३ मध्ये, आणि नगरपालिका १८७७ ची. (१८७१ मध्ये लॉर्ड एल्फिन्स्टनने लोणावळा शोधलं, हे चिक्कीच्या दुकानाबाहेर ऐकू येणारं वाक्य सोडून द्या, लॉर्ड एल्फिन्स्टन १८६० मध्येच वारले होते.) म्हणजे रस्त्याकडेची झाडं सांभाळायला इथे संस्था जुनी आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तर नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं रक्षण हे विषय बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिकांकडे दिले.

तर आपल्या आंब्यावर नोटीस लागली. तिसऱ्या दिवशी हरकत गेली, आणि ती बाहेरच्या कुणाची नव्हे. तळमजल्यावरच्या आपल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी दिली होती. पानभर सुवाच्य अक्षर, खाली सही. सभासद असून सोसायटीविरुद्ध? मोठा गदारोळ झाला. दोन महिने जिन्यात कुणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं, त्यात मीही होतो. पाहणीला आलेल्या माणसाने झाड ठोकून पाहिलं, टेप लावली आणि एकच विचारलं, "फाटक डावीकडे सरकत नाही का?" सरकत होतं. कंपाउंडची भिंत फोडून नवा खांब घालायचा खर्च होता, तेवढाच. पाच वर्षांत आम्हाला ते सुचलं नव्हतं.

आंबा वाचला, पण जपला गेला असं नाही. पुढे रस्त्याच्या कामात एका कंत्राटदाराने पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवले. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता. ते कात्रण घेऊन मी हिंडलो. रस्ता एका खात्याचा, ब्लॉक दुसऱ्याचे, वरच्या तारा तिसऱ्याच्या. त्यातल्या कुणीतरी तारांसाठी झाड एकाच बाजूने छाटलं, तोल गेला, आणि आपल्याकडच्या धुवाधार पावसात, एका जुलैच्या रात्री, मोठी फांदी खाली उभ्या रिक्षावर आली. रिक्षात कोणी नव्हतं. भरपाईसाठी तो रिक्षावाला चार कचेऱ्या फिरला. शेवटी आपण वर्गणी काढली.

त्यानंतर खोडाभोवतीचे ब्लॉक आम्ही लेखी परवानगी घेऊन काढले, आळं केलं.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलंय, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. आपल्या आंब्याचं वय कुणी मोजलेलं नाही, पण जुने शेजारी सांगतात त्यावरून पन्नास कधीच ओलांडली असावीत. बाई आता नाहीत. त्यांच्या हरकतीची प्रत ऑफिसात निळ्या फायलीत आहे, ठरावाच्या प्रतीलाच टाचलेली. यंदा रस्त्याकडच्या दोन सुक्या फांद्यांसाठी छाटणीचा अर्ज गेलाय. पाहणीची तारीख यायची आहे; तोवर त्या बाजूला गाडी लावू नका.